३२ किलोमीटरची नदी आणि तिची घाई

नद्यांवरच्या मालिकेतला हा भाग ज्यांचा लोकलमध्ये नेटवर्क गेल्यामुळे अर्धाच ऐकून झाला, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना मधे मधे जे ‘अं’ आणि ‘म्हणजे काय ना’ येतं ते काढलंय. बाकी बरंचसं जसं बोलले तसंच ठेवलंय.

आजची नदी इंग्लंडमधली आहे. थेम्स नाही, तिच्यावर सगळेच बोलतात. आजची नदी आहे ऑटर. नैऋत्य इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातली, लांबी सुमारे ३२ किलोमीटर. सीएसएमटीहून ठाण्याला जाणारी लोकल जवळजवळ तेवढंच अंतर कापते. म्हणजे एक स्लो लोकल पकडा, खिडकीत बसा, आणि ठाणं येईपर्यंत एका नदीचं डोंगरापासून समुद्रापर्यंतचं सगळं आयुष्य संपलं असं समजा.

मी एक्सेटरला शिकत होते तेव्हा ही नदी शेजारच्याच खोऱ्यात होती. सुट्टीच्या दिवशी बस पकडायची, एखाद्या गावात उतरायचं आणि तिच्या काठाने दोन-तीन तास चालायचं, असं मी तिला तुकड्या-तुकड्यांनी पाहिलं. तेव्हा एक गोष्ट हळूहळू कळत गेली. लहान नदीकडे वेळ नसतो. गोदावरीच्या डोक्यावर, नाशकात पाऊस पडला तर ते पाणी समुद्राला मिळायला कित्येक दिवस लागतात, वाटेत धरणं, कालवे, शेतं. लहान नदीत सकाळी डोंगरावर कोसळलेला पाऊस काही तासांत खालच्या गावाच्या दारात येतो. कोकणातल्या मंडळींना हे मी सांगायला नको. घाटात ढग दिसले की ती माणसं नदीकडे बघायला लागतात.

म्हणून ऑटरची गोष्ट म्हणजे घाईत असलेल्या पाण्याला कोणी, कुठे, कसं थांबवलं याची गोष्ट आहे. पहिलं थांबवणं तर तिच्या उगमाशीच होतं, आणि ते दगड करतात.

ऑटर उगम पावते ब्लॅकडाउन हिल्समध्ये, ऑटरफर्ड गावाजवळ. ती जागा खरं तर सॉमरसेट परगण्यात येते, पण थोडंसं पुढे आली की ती डेव्हनची होते आणि शेवटपर्यंत डेव्हनचीच राहते. डोंगर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सह्याद्री येतो, तसं काही नाही हां. या टेकड्यांचं सर्वांत उंच ठिकाण ३१५ मीटर. माथा सपाट, पठारासारखा, आणि कडेला एकदम उतार. गंमत आत आहे. वरच्या थरात वालुकाश्म आहे, त्याला तिथे ग्रीनसँड म्हणतात. त्यातून पाणी सहज झिरपतं. त्याच्या खाली चिकणमातीसारखा घट्ट, लाल थर, त्यातून पाणी जात नाही. मग वरून झिरपत आलेलं पाणी या दोन थरांच्या सांध्यावर येऊन अडकतं आणि उताराच्या कडेने बाहेर पडतं. त्यामुळे झरे कुठेही कसेही नसतात, उताराच्या एका विशिष्ट उंचीवर ओळीने असतात. त्या ओळीच्या खाली चालायला गेलात तर बूट घोट्यापर्यंत आत जातात. उन्हाळ्यात पाऊस नसतानाही नदी वाहते ती या झऱ्यांच्या जिवावर.

उगमाशी ऑटरहेड लेक्स नावाचे तलाव आहेत. एका जुन्या श्रीमंत इस्टेटीने शोभेसाठी बांधलेले. ती हवेली आता पाडली गेलीय, तलाव राहिलेत, आणि आजूबाजूला पक्षी. पुढे अपॉटरी लागतं. ज्यांनी ‘बँड ऑफ ब्रदर्स’ ही मालिका पाहिलीय त्यांच्यासाठी एक बारीकशी माहिती: जून १९४४ मध्ये नॉर्मंडीवर उतरायला निघालेली अमेरिकन छत्रीधारी सैनिकांची ती तुकडी या गावावरच्या पठारावरच्या विमानतळावरून उडाली होती. नदीचा त्याच्याशी संबंध काही नाही. पण तिथे उभं राहिल्यावर आठवतंच.

मग नदी होनिटनच्या बाजूने जाते. लेससाठी प्रसिद्ध गाव. नदी गावात शिरत नाही, कडेने निघून जाते, म्हणून आपणही तसंच करू. पुढे फेनी ब्रिजेस. इथे १५४९ मध्ये लढाई झाली. राजाने चर्चमधल्या प्रार्थनांचं पुस्तक लॅटिनऐवजी इंग्रजीत सक्तीचं केलं म्हणून डेव्हन आणि कॉर्नवॉलची माणसं उठली होती. नदीवरचा पूल ताब्यात ठेवायचा की नाही यावरून माणसं मेली. आज तिथून गाड्या सुसाट जातात.

आता येतं ऑटरी सेंट मेरी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण नदीच्या काठावरचं सर्वांत मोठं गाव हेच. नाव ऐकून हॅरी पॉटरवाल्यांचे कान टवकारले असतील. रॉन विझलीचं घर डेव्हनमधल्या ‘ऑटरी सेंट कॅचपोल’ नावाच्या गावाजवळ आहे असं त्या पुस्तकांत येतं. ते गाव काल्पनिक, पण लेखिका जे. के. रोलिंग एक्सेटर विद्यापीठात शिकल्या होत्या. बाकीचं तुम्ही जोडा.

याच गावात १७७२ साली कवी कोलरिज जन्मला, इथल्या चर्चच्या धर्मगुरूच्या घरात. त्याने स्वतः पुढे मित्राला पत्रात लिहिलेला एक किस्सा आहे. वय साधारण सात. आईला त्याने चीजचा एक अख्खा तुकडा कापून ठेवायला सांगितला होता, भाजून खायला. भाऊ फ्रँकने तो मुद्दाम चुरून टाकला. मारामारी झाली, आई रागावणार म्हणून हा पळाला तो थेट नदीकाठी. आणि तिथेच झोपला. रात्र थंडीची, पावसाची. गावभर शोधाशोध, आणि सकाळी तो सापडला तेव्हा त्याला धड चालताही येत नव्हतं. पुढची कित्येक वर्षं त्याला जो ताप यायचा त्याचं खापर तो त्या रात्रीवर फोडायचा. तरी मोठेपणी कविता लिहिली ती याच नदीला उद्देशून. नदीवर राग नव्हता त्याचा. फ्रँकवर होता की नाही, माहीत नाही.

ऑटरीमध्ये पाण्याला थांबवण्याची एक मानवी करामत आहे. तिला टम्बलिंग विअर म्हणतात. झालं असं की १७९० च्या सुमारास इथे लोकरीच्या कापडाचा कारखाना उभा राहिला. यंत्रं चालवायला पाणी हवं. म्हणून नदीतून एक पाट काढला, आपल्याकडे शेताला काढतात तसाच. पण पाटात पाणी जास्त झालं तर कारखान्यात शिरणार. त्यासाठी पाटात एक गोल बंधारा बांधला. चहूबाजूंनी पाणी पायऱ्या-पायऱ्यांवरून आत कोसळतं आणि मधल्या भोकात गडप होतं. मग जमिनीखालच्या बोगद्यातून ते परत नदीला मिळतं. बघताना अगदी बेसिनमधून पाणी जातंय असं वाटतं. मी तिथे वीस मिनिटं नुसती उभी होते. कारखाना बंद पडला, गोल बंधारा चालूच आहे. त्याला वीज लागत नाही, माणूस लागत नाही.

पण पाट आणि बंधारे रोजच्या पाण्यासाठी. न सांगता येणाऱ्या पाण्याचं काय? ३० ऑक्टोबर २००८ च्या पहाटे ऑटरीवर एकच वादळ जागेवर उभं राहिल्यासारखं बरसत राहिलं. पावसाबरोबर गारा, इतक्या की रस्त्यांवर त्यांचे ढीग साचले. गारांनी गटारं बुजली, मग पाण्याला जायला जागाच उरली नाही आणि ते घरांत शिरलं. लोकांना घराबाहेर काढावं लागलं. लहान नदीकडे वेळ नसतो म्हणाले ना, ते हे. अंधारात जागं होऊन वस्तू वर ठेवेपर्यंत पाणी गुडघ्याला.

आता येते या नदीची खरी मोठी बातमी. ऑटर म्हणजे पाणमांजर. नदीचं नाव पाणमांजराचं, पण गेल्या दहा-बारा वर्षांत ही नदी गाजली ती दुसऱ्याच प्राण्यामुळे. बीव्हर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बीव्हर हा उंदराच्या कुळातला, पण चांगला कुत्र्याएवढा प्राणी. शेपटी चपटी, दात नारिंगी. झाडं कुरतडून पाडतो आणि फांद्या, चिखल, दगड यांनी ओढ्यावर बांध घालतो. का? तर त्याला पोहायला आणि लपायला खोल पाणी लागतं. इंग्लंडमध्ये तो सुमारे ४०० वर्षांपूर्वी संपला. कातड्यासाठी, मांसासाठी आणि त्याच्या ग्रंथीतून निघणाऱ्या सुगंधी द्रव्यासाठी मारून मारून संपवला.

आणि मग हा प्राणी ऑटरवर दिसायला लागला. आले कुठून? कोणी सोडले की कुठून निसटले, हे अधिकृतपणे कधी सिद्ध झालं नाही. २०१४ च्या सुरुवातीला एका स्थानिक निसर्गप्रेमीच्या कॅमेऱ्यात तीन बीव्हर एकत्र दिसले, म्हणजे इथे त्यांची पैदास होतेय हे उघड झालं. इंग्लंडमध्ये कित्येक शतकांनी मोकळ्या रानात बीव्हर जन्माला येत होते.

सरकारचं पहिलं म्हणणं होतं, यांना पकडून न्या. कारण दिलं होतं एका परजीवी किड्याचं, जो माणसाला घातक ठरू शकतो. गावकऱ्यांना ते पटलं नाही. सभा झाल्या, सह्या झाल्या. शेवटी डेव्हन वाइल्डलाइफ ट्रस्ट या संस्थेला २०१५ मध्ये पाच वर्षांच्या प्रयोगाची परवानगी मिळाली. बीव्हर पकडले, तपासले, रोग नाही निघाला, आणि त्याच नदीत परत सोडले. एक्सेटर विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी मोजमाप करायचं ठरलं.

आता नीट ऐका, कारण इथे बहुतेक लोकांचा गैरसमज होतो. बीव्हरांनी ऑटर नदी अडवलेली नाही. मुख्य प्रवाह त्यांच्यासाठी रुंद आहे, खोलही आहे, तिथे बांध टिकत नाही आणि त्याची त्यांना गरजही नाही. ते काठाला बीळ करून राहतात. बांध घालतात ते नदीला मिळणाऱ्या छोट्या ओहोळांवर, जिथे पाणी उथळ असतं. अशाच एका ओहोळावर, ईस्ट बडले नावाच्या गावाच्या वरच्या अंगाला, एका कुटुंबाने बांधांची रांग केली. ईस्ट बडले हे पुराला घाबरून असलेलं गाव. संशोधकांच्या मोजणीत दिसलं की जोराचा पाऊस झाला तर गावाजवळ पाण्याचा लोंढा आता पूर्वीपेक्षा कमी उंचीचा येतो. पाणी तेवढंच. पण ते एकदम येत नाही. प्रत्येक बांधामागे थोडं अडतं, बाजूच्या जमिनीत पसरतं, मग हळूहळू पुढे जातं. झऱ्यांच्या ओळीवर दगड जे करतात, तेच इथे फांद्या आणि चिखल करतात.

फुकट मात्र काही नाही. बांधामागे पसरणारं पाणी कोणाच्या तरी शेतात पसरतं. खाली गाव वाचतं आणि वर एखाद्याचं पीक कुजतं, ट्रॅक्टर रुततो. त्या शेतकऱ्याला ‘निसर्ग किती सुंदर’ असं सांगून भागत नाही. प्रयोगात यावर काम झालं: कुठे बांधातून पाइप घालून पाण्याची पातळी खाली ठेवली, कुठे झाडांना जाळी लावली. मला विचाराल तर त्या पाच वर्षांतलं सर्वांत महत्त्वाचं काम हेच होतं. बीव्हर आपलं काम न शिकवता करतो. माणसं शेतकऱ्याच्या दारात जाऊन बसायला हवीत, ते शिकायला लागतं.

ऑगस्ट २०२० मध्ये सरकारने निर्णय दिला: ऑटरचे बीव्हर कायमचे राहतील. तोवर त्यांची निदान १५ कुटुंबं झाली होती. आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमध्ये बीव्हरला कायद्याने संरक्षण मिळालं. ज्याला पकडून न्यायला निघाले होते, त्याला हात लावणं सात-आठ वर्षांनी गुन्हा ठरला.

चला, नदीबरोबर पुढे. न्यूटन पॉपलफर्ड. ‘पॉपल’ म्हणजे गोटे, ‘फर्ड’ म्हणजे नदी ओलांडायचा उतार. गोट्यांचा उतार. आजूबाजूची माती लाल, पावसानंतर नदीही गढूळ लाल. कोकणातली वाटावी अशी, फक्त थंडीने हात बधिर झालेले असतात. खालच्या टप्प्यात लाल वालुकाश्माचे कडे दिसतात. डायनासोर येण्याआधीच्या किंवा जेमतेम आलेल्या काळातले हे खडक, त्यात जुन्या सरपटणाऱ्या प्राण्यांची हाडं सापडलीत. पुढे ऑटर्टनची पाणचक्की. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत इथल्या चक्कीची नोंद आहे, आणि आजही तिथे पाण्यावर गहू दळतात. पीठ विकत मिळतं. मी आणलं होतं, पोळ्या काही नीट झाल्या नाहीत, जाडसर निघालं ते.

आणि आता समुद्र. बडले सॉल्टर्टन. ‘सॉल्टर्टन’ मध्ये मीठ आहे, इथे पूर्वी मिठागरं होती. मध्ययुगात खाडी एवढी मोठी होती की जहाजं आत ऑटर्टनपर्यंत यायची. मग समुद्राने तोंडाशी गोट्यांचा एक दांडा रचायला सुरुवात केली आणि पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सुमारास बंदर निकामी झालं. हे गोटे बघण्यासारखे आहेत. गुळगुळीत, चपटे, करडे-गुलाबी, काही तर लाडवाएवढे. मूळ खडक सुमारे ४४ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तो आला आजच्या फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या बाजूकडून. चॅनल तेव्हा नव्हताच, एक महाकाय नदी वाळवंटातून इकडे वाहायची, तिने ते आणले. किनाऱ्यावरून गोटा उचलून खिशात घालायला मनाई आहे, तशा पाट्या आहेत. दांडा पश्चिमेकडून वाढत गेला आणि त्याने नदीचं तोंड ढकलत ढकलत पूर्वेच्या कड्याला नेऊन टेकवलं. तिथे ओहोटीला नदी एवढीशी होते की पलीकडचा माणूस काय खातोय ते दिसतं.

बंदर गेल्यावर उरलं खाजण. भरतीला पाणी, ओहोटीला चिखल. १८१० च्या दशकात इथले जमीनदार लॉर्ड रोल यांनी खाडीच्या लांबीने मातीचा बांध घातला. कोकणात किंवा गोव्यात खारबंदिस्ती पाहिलेल्यांना लगेच कळेल: खारं पाणी बाहेर ठेवायचं, आतल्या जमिनीत गवत आणि पीक घ्यायचं. नदी एका बाजूला कालव्यासारखी सरळ कोंडली गेली. तिचं पसरायचं अंगण गेलं.

२०० वर्षं हे चाललं. पण बांध जुना झाला, समुद्राची पातळी वाढतेय, आणि पूर आला की पाणी बांधावरून आत येई आणि आतच अडकून बसे. गावाचं क्रिकेटचं मैदान तिथेच, ते वारंवार पाण्याखाली. एक रस्ता बंद पडायचा. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे बांधाच्या आतल्या बाजूला जुनं कचऱ्याचं डंपिंग ग्राउंड. बांध एखाद्या वादळात आपणहून फुटला असता तर तो कचरा समुद्रात.

मग पर्याय दोन. बांध आणखी उंच करत राहायचं, किंवा आपणच, आपल्या वेळेला, आपल्या पद्धतीने तो फोडायचा. त्यांनी फोडला. आधी रस्ता उचलला, क्रिकेट क्लब दुसऱ्या जागी नेला, कचऱ्याभोवती बंदोबस्त केला, नवे नाले खोदले. आणि २०२३ च्या शरद ऋतूत बांधाला खिंडार पाडून समुद्राला आत बोलावलं. सुमारे ५५ हेक्टर जमीन पुन्हा भरती-ओहोटीची झाली. हे सगळं फक्त ऑटरच्या प्रेमापोटी नव्हतं, हेही सांगते. शेजारच्या एक्स नदीच्या खाडीत पूर रोखायला भिंती मजबूत करायच्या तर तिथला चिखलाचा पट्टा आक्रसतो, आणि ते नुकसान दुसरीकडे भरून द्यावं लागतं. ऑटरची खाडी ही त्या हिशेबातली भरपाईसुद्धा आहे. मला त्यात वावगं वाटत नाही, पण ‘नदी मुक्त केली’ अशी रील बघताना हा भाग त्यात नसतो.

विरोध झाला का? झाला. कुणाचं कुरण गेलं, कुणाची रोजची फिरायची हिरवी वाट गेली. लहानपणापासून पाहिलेलं शेत चिखलात बदलताना बघणं सोपं नाही. पण भरतीचं पाणी आता दिवसातून दोनदा आत येतं, मऊ गाळ ठेवतं, आणि जातं. त्या गाळात किडे, किड्यांवर पक्षी. वरून पूर आला तर त्याला पसरायला जागा आहे.

जाणार असाल तर एक व्यावहारिक सूचना. नैऋत्य इंग्लंडच्या किनाऱ्याने जाणारी १,००० किलोमीटरहून लांब पायवाट इथून जाते. तोंडाशी नदी हाताच्या अंतरावर असली तरी तिथे पूल नाही. चालणाऱ्यांना काठाने वर व्हाइट ब्रिजपर्यंत जावं लागतं आणि पलीकडून तेवढंच परत यावं लागतं. जुन्या बांधावरून जाणारी ती वाट खिंडारामुळे तुटली असती, म्हणून तिथे ७० मीटरचा नवा पूल टाकलाय. त्यावर उभं राहायचं तर भरती चढत असताना जा. पायाखालून पाणी उलटं, डोंगराच्या दिशेने आत शिरताना दिसतं.